दहा टॅब, एक बॅटरी आणि तुमची एखादी सकाळ : आपल्या शाळेसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

गावकरी मंडळी, नोकरीधंद्यासाठी मुंबई-पुण्याला असलेले भाऊबंद, माहेरवाशिणी आणि शाळेचे माजी विद्यार्थी, शाळा व्यवस्थापन समितीच्या वतीने हे आवाहन करीत आहोत.

अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातली आपली जिल्हा परिषद शाळा पहिली ते पाचवीची, द्विशिक्षकी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे साठ पटापर्यंत दोनच शिक्षक मिळतात. त्यामुळे एकेका शिक्षकाकडे एकाच वेळी दोन-तीन इयत्ता असतात. सर तिसरीला शिकवायला घेतात तेव्हा चौथी-पाचवीची पोरे फळ्यावरचे उतरवून घेत बसतात. त्यांचा हा वेळ आम्हाला परत मिळवायचा आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपवरचे धडे व्हॉट्सॲपवर येऊ लागले. घरात फोन एकच, तोही वडिलांबरोबर कामावर जाणार, आणि रेंज मिळायची ती टेकाडावर. शाळा उघडल्यावरही त्या काळाची एक सवय मागे राहिली. पडद्यावर व्हिडिओ लावायचा आणि सगळ्यांनी एकदम बघायचा. ज्याला येते तो कंटाळतो, ज्याला येत नाही तो तिथेच राहतो. अशा बघण्याला शिकणे म्हणायला आमची समिती तयार नाही.

साहित्याची वानवा नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, आज ते बालभारतीच्या पुस्तकांत छापून येतात. कोलिब्री नावाची मोफत प्रणाली छोट्याशा कॉम्प्युटरवर टाकली की इंटरनेट नसतानाही वर्गातल्या वायफायवर टॅब चालतात, आणि कोणते मूल कुठे अडले ते शिक्षकांना दिसते. मग एक गट टॅबवर आपल्या गतीने, दुसरा गट हाताने काही करून बघणारा, आणि तिसऱ्या गटाजवळ सर स्वतः बसलेले, अशी फिरती बैठक जमते.

एका शिक्षकाच्या स्वतःच्या टॅबवर गेल्या पावसाळ्यात हे थोडे करून पाहिले. पाचवीच्या मुलांनी प्लास्टिकच्या बाटलीचा पर्जन्यमापक केला. कसा करायचा ते त्यांनी टॅबवर पाहिले होते, पण बाटलीचा तळ खोलगट-उंचवट असतो हे त्यात नव्हते. मोजपट्टी लावून बसलेल्या एका मुलीच्या ते ध्यानात आले. सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत आधीच पाणी भरायचे आणि तिथे शून्याची खूण करायची, हे तिने इतरांना पटवले. पुढे रोज सकाळी साडेआठला नोंद झाली, मिलिमीटरात. आठवड्याची सरासरी काढताना मुले चुका आपसांत शोधत होती आणि सर तेवढ्या वेळात दुसरीच्या मुलांजवळ वाचनाला बसले होते.

दुसरी एक निकड आहे. काही कुटुंबे हंगामात नारायणगावच्या बाजूला मजुरीला उतरतात, मुलेही जातात. परतल्यावर वर्ग पुढे गेलेला असतो. त्या मुलांना जिथे सोडले तिथूनच पुढे नेण्याची सोय आज शाळेत नाही, या व्यवस्थेने ती होईल.

यासाठी आम्हाला दहा चालू स्थितीतले टॅब हवेत, जुने चालतील. एक छोटा कॉम्प्युटर, एक वायफाय राउटर, आणि लाइट गेली तर शाळा सुटेपर्यंत पुरेल असा इन्व्हर्टर व बॅटरी. पट्ट्या, वजने, तराजू, गोष्टींची पुस्तके हेही तितकेच लागते, कारण निम्मे काम टॅबबाहेरचे आहे. मोठा टीव्ही मात्र कृपया देऊ नका.

ज्यांना पैसे-वस्तू शक्य नाहीत त्यांनी वेळ द्यावा. शनिवारच्या सकाळच्या शाळेत येऊन एखाद्या गटाबरोबर बसा. शेती, सुतारकाम, गोधडी, भातबियाणे, जे येते ते मुलांना दाखवा. शिकलेल्या ताई-दादांनी टॅबमध्ये धडे भरून द्यायला सरांना मदत करावी.

रोख रक्कम कोणाच्या हाती देऊ नये. ती शाळा व्यवस्थापन समितीच्या बँक खात्यातच भरावी, पावती मिळेल. प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, दात्याच्या नावासह चढेल आणि हिशेब पालकसभेत वाचला जाईल. खाते क्रमांक मुख्याध्यापकांकडे किंवा समितीच्या अध्यक्षांकडे मिळेल.

टॅब देताना चार्जर सोबत द्यावा आणि आपले खाते, फोटो काढून टाकावेत. पावसात इथली लाइट दिवसदिवस नसते, तेव्हा बॅटरीचे काम जूनच्या आत उरकायचे आहे. मे महिन्यात सुट्टीला गावी येणाऱ्यांनी शक्य ते सामान येतानाच आणावे.

आपली,
शाळा व्यवस्थापन समिती