घड्याळाची किंमत छापलीत, आता हिशेबही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी आपण जगातल्या महागड्या वस्तूंवर पानभर मजकूर दिला होता. त्यात एका चौकटीत मनगटी घड्याळाचा फोटो, शेजारी ३ कोटी १० लाख स्विस फ्रँक हा आकडा आणि खाली ओळ होती, 'हौसेला मोल नाही'. मी नौपाड्यात अठ्ठावीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतो. चौकट वाचून झाल्यावर डोळ्याला भिंग लावलं, पण हातातल्या कामात लक्ष लागेना. म्हणून हे पत्र.

ते घड्याळ कोणा हौशी श्रीमंताने दुकानातून उचललेलं नाही. पाटेक फिलिप या स्विस कंपनीचं 'ग्रँडमास्टर चाइम' ९ नोव्हेंबर २०१९ रोजी जिनिव्हात क्रिस्टीजच्या लिलावात विकलं गेलं. लिलावाचं नाव 'ओन्ली वॉच'. मोनॅकोच्या लुक पेटाव्हिनो यांच्या मुलाला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू झिजवणारा आजार झाला आणि त्या आजारावरच्या संशोधनाला पैसा मिळावा म्हणून त्यांनी २००५ मध्ये हा लिलाव सुरू केला. साधारण दर दोन वर्षांनी मोठमोठ्या घड्याळ कंपन्या त्यासाठी एकेक घड्याळ बनवून देतात, असं की त्याच्यासारखं दुसरं पुन्हा निघत नाही. आपल्या चौकटीत यातलं अक्षरही नव्हतं.

आता धंद्यातला माणूस म्हणून थोडं सांगतो. त्या घड्याळाला दोन तोंडं आहेत, केस (म्हणजे बाहेरचं कवच) फिरवून कुठलंही वर आणता येतं. आत वीस करामती आहेत. तास-मिनिटं तर ते घंटा वाजवून सांगतंच, कळ दाबली की तारीखसुद्धा वाजवून सांगतं. (आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या घड्याळांत तारखेचं चक्रच अडकलेलं असतं, ते सोडा.) पण गंमत धातूची आहे. ही कंपनी असली अवघड मशिनं सोन्यात किंवा प्लॅटिनममध्ये बसवते. लिलावासाठी त्यांनी केस केली स्टीलची, म्हणजे त्यामानाने कितीतरी स्वस्त धातूची. डायलवर इंग्रजीत लिहिलं, 'हे एकच'. क्रिस्टीजचा अंदाज होता २५ ते ३० लाख फ्रँकचा. बोली थांबली त्याच्या दहापट वर. तेव्हाच्या दराने ती रक्कम २२० कोटी रुपयांच्या आसपास जाते. सोन्यातलं घेणारे पुष्कळ भेटतात, पण स्टीलचं जगात एकच म्हटल्यावर पैसेवाल्यांचा जीव वरखाली होतो.

यात आपल्याला परकं वाटावं असं काय आहे? आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या शेवटच्या रात्री देवापुढच्या फळांचा आणि नारळाचा लिलाव होतो. तीस रुपयांचा नारळ एकवीसशेला जातो. घेणारा खोबऱ्याचे पैसे मोजत नसतो. त्याला तो नारळ हवा असतो आणि आपण घेतला हे चारचौघांनी बघायलाही हवं असतं. लालबागच्या राजाच्या दागिन्यांचा लिलाव दरवर्षी आपणच फोटोसकट छापता. तिथे 'हौसेला मोल नाही' असं कोणी लिहीत नाही.

आमच्या मंडळाचं एक मात्र चोख आहे. अनंत चतुर्दशीनंतर चार दिवसांत शाखेच्या बाहेर फळ्यावर जमा-खर्च लागतो. ज्या वर्षी उशीर झाला, त्या वर्षी खजिनदाराला रस्त्यात तोंड चुकवून जावं लागलं होतं.

जिनिव्हातही नेमकं हेच झालं, आणि माझ्या मते खरी बातमी ती होती. २०२३ चा लिलाव नोव्हेंबरमध्ये व्हायचा होता. त्याआधीच घड्याळांच्या शौकिनांनी विचारायला सुरुवात केली: इतकी वर्षं जमलेल्या पैशातून संशोधनावर खर्च किती झाला, शिल्लक किती आहे? ओडमार पिगेसारखी मोठी कंपनी त्या खेपेतून बाहेर पडली. आयोजकांनी लिलाव पुढे ढकलला. तो अखेर १० मे २०२४ रोजी झाला आणि सुमारे २ कोटी ८३ लाख फ्रँक जमले. त्यात एकट्या पाटेक फिलिपच्या घड्याळाला १ कोटी ५७ लाख मिळाले. म्हणजे प्रश्न विचारले म्हणून दान आटलं नाही. आपण २०१९ चा आकडा छापलात आणि हे सगळं गाळलंत, ही माझी तक्रार.

हा आजार मला पेपरात वाचून कळलेला नाही. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या नातवाला तो आहे. आजोबा हाताने चावी द्यायची एचएमटी वापरतात, दीड-दोन वर्षांनी सर्व्हिसिंगला आणतात. मागच्या खेपेला नातू बरोबर होता, वय नऊ. मी मशीन उघडलं तेव्हा पोरगा खाली बसून कट्ट्याखाली पडलेला एक स्क्रू शोधत होता, आणि त्याला तो सापडलाही. मग उठायची वेळ आली. आधी दोन्ही हात जमिनीवर, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, असा तो स्वतःच्याच अंगावर चढून उभा राहिला. पोटऱ्या बघाल तर पैलवानाच्या वाटाव्यात. आजोबा म्हणाले, "फसू नका, त्यात ताकद नाही, चरबी आहे." जनुकातल्या दोषामुळे डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन तयार होत नाही आणि स्नायू झिजत जातात. हे बहुतेक मुलग्यांनाच होतं. साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास चाकाची खुर्ची येते. हे सगळं त्यांनी बिलाचा आकडा सांगावा तशा आवाजात सांगितलं.

त्यांनी मला आणखी दोन आकडे सांगितले, ते मी नंतर पडताळून पाहिले. अमेरिकेत २०२३ मध्ये या आजारावरच्या एका जनुकीय उपचाराला मंजुरी मिळाली. त्याच्या एकाच डोसची किंमत ३२ लाख डॉलर, म्हणजे पंचवीस कोटींच्या वर, आणि त्याने नक्की किती फायदा होतो यावर तिथल्या डॉक्टरांतच वाद आहे. आपल्याकडे दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणाखाली केईएमसारख्या ठरावीक केंद्रांतून रुग्णाला जास्तीत जास्त ५० लाखांची मदत होऊ शकते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की जिनिव्हातला लिलाव मला उधळपट्टी वाटेनासा होतो. उलट वाटतं, अशी अजून चार घड्याळं का निघत नाहीत?

तेव्हा विनंती एवढीच. पुढचा लिलाव होईल तेव्हा बातमी 'महागडं काय' या सदरात टाकू नका, आरोग्याच्या पानावर घ्या. किंमत जरूर छापा, लोक त्यासाठीच वाचतील. पण आधीच्या लिलावाचे पैसे कुठल्या प्रयोगशाळेला गेले आणि शिल्लक किती, हेही आयोजकांना विचारून त्याच चौकटीत द्या. जागा कमी पडली तर घड्याळाचा फोटो लहान करा. आणि आपल्याकडच्या त्या ५० लाखांपैकी प्रत्यक्षात किती मुलांच्या हाती किती पडले, हे आपल्या ठाण्याच्या बातमीदाराला शोधायला सांगाल तर फार बरं होईल. आजोबा पुढच्या महिन्यात एचएमटी न्यायला येणार आहेत, त्यांना तेवढं कात्रण देता येईल.

आपला,
एक घड्याळ दुरुस्तीवाला
नौपाडा, ठाणे (प.)