आहेराची वही

जर्सी सिटी
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई आणि बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर मी बोलते ते अर्धंच बोलते. तुमचा स्पीकर चालू असतो, आत्या शेजारी बसलेली असते, आणि विषय जरा रंगाला आला की आई "पाणी आलं, पाणी आलं" म्हणत मोटार लावायला पळते. म्हणून हे पत्र. धाकट्याला पाठवलंय, तो नव्या पेठेतून प्रिंट काढून आणील. बाबा, लाल पेन्सिल घेऊन बसाल हे मला माहीत आहे. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब तपासायचात तसंच तपासा. जिथं पटणार नाही तिथं खूण करा.

आधी तेवढं एकच वाक्य वाचा: मला इथून कुणी हाकलत नाहीये. नोकरी चालू आहे, राहणं कायदेशीर आहे, आणि माझं कार्ड, म्हणजे इथं राहण्याचं ग्रीन कार्ड, घटस्फोट झाला तरी त्याच्या हातात नाही.

आई अजून "त्याचं कार्ड" म्हणते. अगं, ते माझ्या नावाचं, माझ्या फोटोचं, माझ्या बोटांच्या ठशांचं कार्ड आहे. त्याच्यामुळे मिळालं हे खरं, पण "मी तिला पाठवलेलं पत्र मागे घेतो" असं तो आता म्हणू शकत नाही. त्यानं माझ्यासाठी केलेला अर्ज मंजूर झाला, मी इथं उतरले, तिथं त्याचं काम संपलं. पुढे काय करायचं ते सरकार ठरवेल. समजा माझा आताचा अर्ज नामंजूर झालाच, तरी इमिग्रेशनच्या न्यायाधीशापुढे पुन्हा सगळं मांडता येतं.

आता "दोन वर्षांचं कार्ड" म्हणजे काय ते. आमचं लग्न फेब्रुवारी २०२२ मधलं. मी इथं उतरले जुलै २०२३ मध्ये, म्हणजे लग्नाला सतरा महिने झालेले. उतरण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण नसतील तर अमेरिका पक्कं कार्ड देत नाही. दोन वर्षांचं, अटीचं देते. हा नियम १९८६ चा, खोटी लग्नं लावून येणाऱ्यांना आवरायला केलेला. दोन वर्षं पूर्ण झाली असती तर सरळ दहा वर्षांचं मिळालं असतं, आणि मग घटस्फोट झाला काय नि न झाला काय, कार्डाला धक्का नव्हता. तेव्हा बाबा, व्हिसाची मुलाखत लवकर मिळाली म्हणून तुम्ही पेढे वाटले होतेत. पेढ्यांचा दोष नाही, पण आठवलं की हसू येतं.

ही अट काढायचा अर्ज म्हणजे आय-७५१. कार्ड संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत नवरा-बायकोनं मिळून करायचा, दोघांच्या सह्यांनी, खोटं असेल तर शिक्षेला पात्र असं लिहून. इथंच आपलं अडलं. आधी तो म्हणाला, सही करतो. मग प्रत्येक भांडणात ती सही यायला लागली. बँकेच्या खात्यावरून वाद झाला की सही, मी मैत्रिणीकडे राहायला गेले की सही. तुम्हाला मी हे सांगितलं नव्हतं, कारण त्याच वेळी आईच्या गुडघ्याचं चाललं होतं.

आणि तेव्हाच तुम्ही दोघं फोनवर म्हणत होता, "कागद होईपर्यंत तरी सांभाळून घे की गं." मला राग आला, मी फोन ठेवला. राग आता गेलाय, म्हणून सांगते. संसार मोडलाय हे दोघांनाही ठाऊक असताना फक्त कार्डासाठी एका छताखाली राहायचं आणि सगळं नीट चाललंय असं शपथेवर लिहून द्यायचं, हे ज्यांच्यासाठी कायदा केला त्यांच्यासारखंच झालं असतं. आमचं लग्न खरं होतं. शेवटी शेवटी ते खोटं करायला मला जमलं नाही.

जमलं नाही तरी वाट होती. संयुक्त अर्जाची अट माफ करून एकटीनं अर्ज करता येतो. त्याला इथं वेव्हर म्हणतात. त्यासाठी दोनच गोष्टी लागतात: घटस्फोटाचा अंतिम निकाल, आणि लग्न खऱ्या मनानं केलं होतं याचे पुरावे. नव्वद दिवसांची अट याला नाही. एप्रिलमध्ये न्यू जर्सीच्या कोर्टाचा निकाल आला आणि मे महिन्यात मी एकटीच्या सहीनं अर्ज टाकला. फी ७५० डॉलर, वकीलबाईंची वेगळी. त्याची पावती आली, तीच आता माझा आधार. त्या पावतीनं जुनं कार्ड संपल्या तारखेपासून ४८ महिने पुढे चालतं. म्हणजे जुलै २०२९ पर्यंत मी कामही करू शकते आणि येऊन-जाऊनही राहू शकते. निकालाला वर्ष-दीड वर्षाहून जास्तही लागेल. लांबलं म्हणजे काही बिनसलं असं नाही. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव लागायला किती दिवस लागले ते आठवा.

शेजारच्या काकूंना सांगा की त्यांच्या पुतण्याचा जर्मनीचा नियम इथं लागू नाही. तिथं संसार तीन वर्षं एकत्र झालेला असावा लागतो, मगच परवाना स्वतंत्र होतो. इथं तशी वर्षांची मोजणी नाही.

आता मुद्द्यावर येते.

बाबा, परवा तुम्ही पुण्याला त्याच्या वडिलांना फोन लावलात. "मुलीच्या कागदाचं तेवढं करून द्या" म्हणालात. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. हे मला धाकट्यानं सांगितलं, त्याला रागावू नका. तुम्ही आयुष्यात कुणापुढे वाकला नाहीत, माझ्यासाठी वाकलात. पण त्या सहीची आता गरजच नाही. पुन्हा फोन करू नका. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, पण त्यांच्याकडे द्यायला काही नाही.

दुसरं, तुम्ही माझ्यासाठी जे चार पानी निवेदन लिहून ठेवलंय, ते मला धाकट्यानं फोटो काढून पाठवलं. वाचून रडले. पण बाबा, ते उपयोगाचं नाही. त्यात तो कसा वागला, त्यानं काय काय बोललं, आम्ही कसे फसलो, हेच सगळं आहे. चूक कुणाची हे इथलं सरकार मला विचारतच नाही. पूर्वी विचारायचे. सुरुवातीच्या कायद्यात घटस्फोट योग्य कारणानं झाला हे दाखवावं लागायचं. १९९० मध्ये ती अट काढून टाकली. आता त्यांना एवढंच बघायचंय की लग्न केलं तेव्हा दोघांना संसार करायचा होता का.

म्हणजे गंमत बघा. घरातले सगळे त्याचे वाईट दिवस आठवत असताना मला मात्र चांगले दिवस गोळा करायचेत. गेले सहा महिने मी तेच करतेय. २०२३ चा दोघांनी मिळून भरलेला टॅक्स. दोघांच्या नावाचा भाड्याचा करार. संयुक्त खातं, ज्यात आता नऊ डॉलर उरलेत. गाडीच्या विम्यावर दोघांची नावं. आणि फोनमधले निरोप: "कोथिंबीर आण, मेथी नको, मागच्या वेळची कडू होती." वकीलबाई म्हणाल्या, हा मेथीचा निरोप सगळ्यात चांगला पुरावा, असं खोटं कुणी लिहीत नाही. तो छापून काढताना मला जे झालं ते इथं लिहीत नाही.

तुम्ही २०२४ च्या उन्हाळ्यात चार महिने आमच्याकडे राहिलात. आम्हा दोघांना एका घरात इतके दिवस पाहिलेले तुम्हीच. म्हणून निवेदन तुम्हीच लिहायचंय, पण दुसरं. जे पाहिलं तेवढंच. स्वयंपाकघराचा नळ गळत होता, तुम्ही ओट्याखाली शिरलात आणि तो बॅटरी धरून बसला, तुम्ही मराठीत ओरडत होता आणि तो पाना शोधत होता. तुमच्या नाकातून रक्त आलं त्या रात्री तो तुम्हाला घेऊन गेला आणि पाच तास बाकावर बसला, दुसऱ्या दिवशी रजा टाकली. आईनं नेलेली कडक भाकरी तो पहिल्या दिवशी बिस्किटासारखी खायला गेला, मग आमटीत चुरायला शिकला आणि शेंगाचटणीवर दही मागायला लागला. हे सगळं खरं घडलंय बाबा. नंतर जे झालं तेही खरंच आहे. पण हे लिहिताना हात अडला तर थोडं थांबून लिहा, त्यात राग मिसळू देऊ नका.

निवेदनात तुमचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मठिकाण, माझ्याशी नातं आणि हे तुम्हाला कसं माहीत ते हवं. मराठीत लिहा, तुमच्या अक्षरात. कोर्टाजवळ नोटरी करून मूळ कागद पाठवा. आईचं वेगळं, तिच्या शब्दांत. तिला तुम्ही सांगत बसू नका, ती लिहील ते बरोबरच असेल. इंग्रजी भाषांतर इथं करून घेते. भाषांतर करणाऱ्यानं आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि हे पूर्ण व बरोबर आहे असं सही करून द्यावं लागतं.

आणि आहेराची वही. कपाटात वरच्या कप्प्यात, लग्नाच्या अल्बमखाली, लाल पुठ्ठ्याची. तुम्ही मांडवात बसून स्वतः लिहिलेली. कुणी ५०१ दिले, कुणी पातेलं, कुणी चादर. (सहा चादरी आल्या होत्या. सोलापुरात लग्न आणि सोलापूरचाच आहेर.) त्यातल्या त्याच्याकडच्या पाहुण्यांच्या पानांचे फोटो हवेत, कव्हरसकट. हॉलची पावती, पत्रिका आणि महापालिकेचा विवाह नोंदणीचा दाखलाही. तुम्ही कधी पावती फेकत नाही म्हणून आई चिडायची, आता तिला वही दाखवा.

घाई नाही, पण संक्रांतीआधी होऊ दे. उद्या त्यांनी आणखी पुरावे मागितले तर जास्तीत जास्त बारा आठवडे मिळतात, तेव्हा धावपळ नको.

तुमच्या वकीलकाकांची शंका, की अमेरिकेतला घटस्फोट भारतात चालत नाही. सरसकट तसं नाही. सुप्रीम कोर्टानं १९९१ मध्येच सांगितलंय की दुसरी बाजू आपणहून त्या कोर्टापुढे आली आणि आपल्या विवाह कायद्यातल्या कारणावरचा दावा तिथं लढली, किंवा निकालाला तिची संमती असली तर तो मानता येतो. आम्ही दोघंही हजर होतो, दोघांची संमती होती. तरी पासपोर्टवरून नवऱ्याचं नाव काढताना तो निकाल दाखवावा लागेलच, म्हणून तिकडे एकदा त्यांना कागद दाखवून घेईन. त्यांना फी द्या, चहावर भागवू नका.

आई, तुला एक भीती आहे की त्यानं माझ्या खर्चाची हमी सरकारला लिहून दिली होती, ती आता माझ्यावर उलटेल का. उलट आहे. ती हमी घटस्फोटानं संपत नाही. मी नागरिक होईपर्यंत किंवा माझी इथली कामाची साधारण दहा वर्षं भरेपर्यंत ती त्याच्यावर आहे. मला त्यातला एक डॉलर नको, पण तू घाबरू नकोस.

एक गोष्ट मात्र लांबली. नागरिकाची बायको म्हणून तीन वर्षांत नागरिकत्व मागता आलं असतं, ते गेलं. आता पाच वर्षं. पण ती पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे जुलै २०२८. तुम्हाला इथं कायमचं बोलवायचं तर त्यानंतरच. तुम्हाला यायचंच नाही हे ठाऊक आहे. बाबा म्हणाले होते, "इथं रस्त्यावर माणूस दिसत नाही, सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी दोन पावलं चाललं की चार ओळखीचे भेटतात." ठीक आहे. मग मीच येत राहीन.

येत्या गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेला, येतेय. नंदीध्वज निघतात त्या दिवशी घरी असेन. जुनं कार्ड, पावतीचं मूळ पत्र आणि पासपोर्ट असे तीन कागद बरोबर. तीन आठवड्यांचीच रजा आहे. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं तर नागरिकत्वाची मोजणी बिघडते, तेव्हा "राहा की अजून थोडी" म्हणायचं नाही, आई. आत्याला आधीच सांगून ठेव की स्थळं दाखवायची नाहीत. दाखवलीच तर मी तिला आय-७५१ समजावून सांगत बसेन.

पाणी भरताना बाबांना हाक मार, बादल्या तू उचलू नकोस.

तुमची,
मोठी

ता. क. आई, संसार टिकावा म्हणून तू सिद्धरामेश्वराला नवस बोललीस हे मला कळलंय. तो आता फेडायचा की नाही म्हणून तुझी घालमेल चाललीय, असं धाकटा म्हणाला. देवळात विचार, नवस कार्डावर फिरवता येतो का. येत असेल तर नारळ मी आले की फोडू.