ओढा एक, अर्ज दोन : ग्रामीण विकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ग्रामीण विकास व पंचायतराज मंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळूर

सादर नमस्कार.

मी निपाणी तालुक्यातला, वेदगंगेच्या काठच्या एका गावचा शेतकरी. गावच्या पाणलोट समितीचं दप्तर गेली सहा वर्षं माझ्याकडं आहे. आमच्या शिवाराच्या कडेनं एक ओढा वाहतो. अलीकडचा काठ बेळगाव जिल्ह्यात, पलीकडचा कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यात. दोन्हीकडं ऊस, तंबाखू, सोयाबीन. आमच्या लेकी तिकडं दिल्यात, त्यांच्या इकडं.

जुलै 2021 मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं, वाहतूक बंद पडली. ते साऱ्या राज्यानं पाहिलं. त्याच पुराची फूग ओढ्यात मागं चढली आणि उतरताना दोन्ही काठची मळी, म्हणजे गाळाची सुपीक जमीन, घेऊन गेली, ते कुणाला दिसलं नाही. माझी नऊ गुंठे गेली. समोरच्या पाहुण्यांची अर्धा एकर गेली. दरवर्षी पावसात आणखी हातभर खचते.

साहेब, एकाच काठाला दगड लावले तर पाण्याचा सगळा जोर समोरच्या काठावर जातो. त्यामुळं काम दोन्ही गावांनी मिळूनच करायचं ठरलं. वरच्या अंगाला दगडी बांध, मध्ये गाळ काढायचा, खाली काठाला बांबू आणि वाळा लावायचा. देवळात तीन रात्री बसून आराखडा झाला. मग अनुदानासाठी अर्ज करायला बसलो, आणि तिथं अडकलो.

अर्जात राज्याचा रकाना एकच. त्यात कर्नाटक लिहिलं की पलीकडच्या काठाचे सर्व्हे नंबर घेतच नाही. भागीदार संस्था जोडावी म्हटलं, तर आमची नोंदणी कर्नाटकच्या 1960 च्या सोसायटी कायद्याखाली, त्यांची 1860 चा कायदा आणि 1950 चा सार्वजनिक विश्वस्त कायदा अशा दोन्हींखाली. त्यांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडं जातात, आमचे जात नाहीत. आमच्याकडं जमिनीला आरटीसी (कर्नाटकातला जमिनीचा उतारा) जोडायची, त्यांच्याकडं सातबारा. आमच्याकडं सही पीडीओंची (पंचायत विकास अधिकाऱ्यांची), त्यांच्याकडं ग्रामसेवकांची. श्रमदानाचं मोल रोजगार हमीच्या दरानं धरा, असं सांगण्यात आलं. 2025-26 चा तो दर कर्नाटकात 370 रुपये, महाराष्ट्रात 312. एकाच ओढ्यात, एकाच दिवशी, तीच पाटी उचलणाऱ्या दोन माणसांच्या घामात 58 रुपयांचा फरक मांडताना मला मनापासून वाईट वाटलं.

शेवटी एका योजनेचे दोन वेगळे अर्ज केले. आमची मंजुरी नोव्हेंबरात आली, त्यांची एप्रिलात. आम्ही पहिला हप्ता काढून काम सुरू केलं तेव्हा पलीकडं एक दगडही पडला नव्हता. मग फोटोचं प्रकरण झालं. झालेल्या कामाचा अक्षांश-रेखांशासह फोटो जोडायचा असतो. बांध पुरा दिसावा म्हणून आमचा पोरगा ओढा ओलांडून समोरच्या काठावर उभा राहिला आणि तिथून फोटो काढला. फोटोखाली ‘कागल, महाराष्ट्र’ उमटलं. मंजूर जागेच्या बाहेरचं काम म्हणून पुढचा हप्ता थांबला. खुलासा दिला, पंचनामा झाला, नवे फोटो दिले, तोवर 31 मार्च उलटला. खात्यावर उरलेली रक्कम व्याजासकट परत भरावी लागली. अर्धा बांध जूनच्या पहिल्या पाण्यात वाहून गेला. श्रमदानाच्या वहीत ज्या बायकांचे अंगठे आहेत, त्यांना काय सांगायचं हे मला आजही सुचत नाही.

हिशेब मागू नका असं मी म्हणत नाही. वेगळं बँक खातं, कीर्द, पावत्या, लेखापरीक्षण, उपयोगिता प्रमाणपत्र, सगळं हवंच. लोकांचा पैसा आहे तो. आमच्या गावात तर दर ग्रामसभेत जमाखर्च मोठ्यानं वाचला जातो आणि म्हातारी माणसं मधूनच थांबवून विचारतात. माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक राज्यानं आपल्याच काठावर आपला पैसा खर्चावा, पण आराखडा एक असावा आणि मंजुरी एकाच बैठकीत व्हावी. बेळगावचे आणि कोल्हापूरचे जिल्हाधिकारी, आपली जिल्हा पंचायत आणि त्यांची जिल्हा परिषद यांची एक कायमची समिती नेमली तर हे सहज जमेल. कामाचा आदेश दोन्हीकडं एकाच महिन्यात निघाला पाहिजे. पावसाळ्याच्या मुलखात हीच गोष्ट सगळ्यात मोलाची.

हे नवं नाही. काळम्मावाडीचं दूधगंगा धरण हा दोन राज्यांचा मिळून प्रकल्प, त्यातलं 4 टीएमसी पाणी कर्नाटकच्या वाट्याचं. महापुराच्या दिवसांत कोयनेतून किती सोडलं आणि अलमट्टीतून किती, यासाठी दोन्हीकडचे अभियंते बोलत असतात. मोठ्या धरणासाठी जे होतं ते ओढ्यासाठी का होऊ नये? सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याबद्दल माझं मन काय आहे ते आपल्यालाही कळत असेल, पण हे पत्र त्यासाठी नाही. निकाल लागेपर्यंत मळी थांबत नाही.

आणखी एक मागणं आहे. योजनेची माहिती आणि अर्जाचा नमुना कन्नडबरोबर मराठीतही द्या. आमचे पीडीओ भला माणूस, संध्याकाळी थांबून एकेक ओळ समजावून सांगतात. पण बचत गटाच्या अध्यक्षा मराठी शाळेत शिकल्या. ज्या कागदावर त्यांची सही लागते, तो त्यांना स्वतः वाचता आला पाहिजे.

आम्ही पुन्हा अर्ज करणार आहोत. आराखडा तयार आहे, दोन्ही ग्रामसभांचे ठराव झालेत. मे महिन्यात ओढा कोरडा असतो, तेव्हा एकदा या. कुठून काठ तुटला ते पायी चालत दाखवतो. पलीकडच्या गावचे सरपंचही येतील, तसा शब्द त्यांनी दिलाय.

कळावे,
आपला नम्र,
सचिव, गाव पाणलोट समिती,
ता. निपाणी, जि. बेळगाव