रबरी ट्यूब आणि आपली मरळ

संपादक महोदय,

तलावावर हल्ली रबरी ट्यूब घेऊन गळ टाकणारी पोरं दिसतात. साधारण साडेतीन इंचांची पोकळ नळी, तोंडाकडून बंद, शेपटाला झिरमिळ्या. हे आमिष मूळचं अमेरिकेतल्या बास माशासाठीचं. बास आपल्या पाण्यात नाही, आणि ट्यूब ज्याची नक्कल करते तो झिंग्यासारखा क्रेफिशही नाही. पण दगडातली खेकडी आणि झिंगे आहेत, नि त्यांच्यावर टपलेली मरळ आहे. त्यामुळे आमिष चालतं. फसते ती जोडणी.

व्हिडिओत दाखवतात ती पद्धत अशी: शिसं ओतलेला गळ पाण्यात ओला करून शेपटाकडून पार तोंडापर्यंत सारायचा, अंगठ्याने गळाची कडी (जिथे दोरा बांधतात ती) चाचपून रबरातून बाहेर काढायची आणि टोक पाठीतून वर आणायचं. धरणाच्या पिचिंगवर, म्हणजे भिंतीच्या दगडी उतारावर, हे ठीक. पण बुडालेल्या बाभळीत किंवा जलपर्णीत उघडं टोक तिसऱ्या फेकीला अडकतं, आणि ओढाताणीत आमिषासकट हातभर तंगूस (गळाचा नायलॉन दोरा) पाण्यात राहतो.

आपल्याकडे टोक झाकलेलंच बरं. ३/० नंबरचा, रुंद पोटाचा, मानेत, म्हणजे कडीजवळ, वाकवलेला गळ घ्या. आधी तंगुसात ५ ते ७ ग्रॅमचं गोळीच्या आकाराचं शिसं ओवा, मग गळ बांधा. टोक ट्यूबच्या नाकातून पाव इंच आत घालून बाजूने काढा, मानेपर्यंत ओढा, गळ फिरवा. आता गळ ट्यूबशेजारी धरून वाक कुठे येतो ते बघा आणि तिथेच दोन्ही भिंतींतून आरपार टोचा. हे माप चुकलं की ट्यूब वाकडी बसते, ओढताना गरगर फिरते आणि तंगुसाला पीळ पडतो. टोक वरच्या रबरात जेमतेम टेकवून ठेवा. नळी पोकळ असल्याने मासा चावला की ती दबते आणि टोक आपसूक मोकळं होतं. दाट गवतात शिसं पुढे पळू नये म्हणून त्याच्या भोकात दात कोरायच्या काडीचा तुकडा ठोसा.

ट्यूबची खरी गंमत खाली जाण्यात आहे. आतलं शिसं हलकं आणि तंगूस ढिला असेल तर ती गिरक्या घेत उतरते. जड शिशाने सरळ दगडासारखी जाते. पुढे शिसं लावलेल्या जोडणीतही गिरकी कमीच. सहा फूट खोलीपर्यंत साडेतीन ग्रॅम पुरे, पंधरा फुटांना सात. बहुतेक चावे उतरतानाच बसतात, म्हणून हातापेक्षा नजर तंगुसावर हवी: तो बाजूला सरकला किंवा मध्येच थांबला की झटका द्या. मरळीचं तोंड हाडाळ असतं. बारीक तारेचा गळ तिथे उघडतो. पावसानंतरच्या गढूळ पाण्यात काळी ट्यूब, नितळ पाण्यात हिरवट तपकिरी.

नाक फाटलं की गळ खाली घसरतो. चीर कोरडी करून झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब लावला तर ट्यूब आणखी काही मासे देते. मे महिन्यात गाडीच्या काचेखाली डबा ठेवू नका: ट्यूबा वाकतात, एकीचा रंग दुसरीला लागतो. वाकलेली मिनिटभर गरम पाण्यात बुडवून सपाट ठेवली की सरळ होते. अगदीच फाटलेली खिशात घालून घरी न्या. हे रबर पाण्यात कुजत नाही आणि माशाच्या पोटात गेलं तर तिथेच अडकून राहू शकतं.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नये. पावसाळ्यात काठालगत तांबूस-केशरी पिलांचा पुंजका बुडबुडत वर येताना दिसतो. खाली त्यांची राखण करणारी मरळ असते, आणि पिलांजवळ आलेल्या कशावरही ती तुटून पडते, त्यामुळे तिथे ट्यूब टाकली की ती हमखास लागते. ती उचलली की पिलांवर इतर मासे डल्ला मारतात. पुंजका दिसला की तिथली फेक सोडून द्या.

शिवाय बहुतेक तलावांची मासेमारी सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते, आणि जायकवाडी तर पक्षी अभयारण्य आहे. कुठेही गळ टाकण्याआधी संस्थेला किंवा वनखात्याला विचारून घ्यावं.

– गळ टाकणारा एक वाचक, परभणी