मला बदली का नको आहे

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, लोकमान्यनगरात कुणी विचारलं तर तुम्ही "मुलगी कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगता. आणि आई, तू म्हणतेस, ते घाणेरडं रोज बघण्यापेक्षा दुसऱ्या खात्यात बदली मागून घे. लोक इंटरनेटवर टाकतात त्या दहशतवादी आणि द्वेषाच्या मजकुरातलं काय ठेवायचं, काय काढायचं, याचे नियम मी कंपनीत लिहिते. तिथून मला बदली नको आहे. का, ते फोनवर नीट सांगता येत नाही म्हणून लिहिते.

१ जुलै २०१८ आठवतो? इंदूरहून आपल्या एबी (आग्रा-मुंबई) रोडनेच खाली उतरलं की धुळं लागतं. त्या जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. त्या काळात अशा अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं केलं. बाबा, तुम्ही तेव्हा वैतागला होतात. पण ती अडचण कुणीतरी विचार करून घातली होती. माझं काम त्याच जातीचं आहे.

मी ज्या विभागात आहे तिथे दहशतवादी आणि द्वेष पसरवणाऱ्या गटांचा मजकूर येतो. १५ मार्च २०१९ला क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत एकाने ५१ माणसं मारली आणि ते फेसबुकवर थेट दाखवलं. थेट बघणारे दोनशेसुद्धा नव्हते. पण पुढच्या २४ तासांत फेसबुकला त्याच्या १५ लाख प्रती काढाव्या लागल्या. त्यातल्या १२ लाखांहून जास्त चढतानाच, म्हणजे अपलोड होतानाच, अडल्या, बाकीच्या चढून गेल्या. प्रत्येक व्हिडिओचा बोटाच्या ठशासारखा एक आकडा काढता येतो, त्याला हॅश म्हणतात. मोठ्या कंपन्या हे हॅश एकमेकींना देतात, म्हणजे एकीकडे पकडलेलं दुसरीकडेही ओळखू येतं. लोक मात्र कडा कापून, पडद्याचंच पुन्हा चित्रण करून चढवत राहिले, आणि हॅश जुळेना.

हॅश काढणारे इंजिनिअर वेगळे. मी नियम लिहिते, आणि खरी कसोटी तिथेच आहे. तोच बॉम्बस्फोट एकजण शौर्य म्हणून टाकतो, दुसरा बातमी म्हणून, तिसरा आपल्या गल्लीत काय झालं त्याचा पुरावा म्हणून. २०१७ साली युट्यूबच्या यंत्रणेने सीरियातल्या युद्धाचे असे कितीतरी व्हिडिओ उडवले. ते लोकांनी जीव धोक्यात घालून टिपलेले होते, उद्या खटल्यात लागले असते. कमी काढलं तर माणसं मरतात, जास्त काढलं तर मेलेल्यांची साक्ष पुसली जाते. एका ओळीच्या शब्दांवरून आमच्यात तासन्‌तास भांडणं होतात ती यासाठी. ती भांडणं करायला आपल्या भाषा, आपले सण, आपल्या शिव्या कळणारं माणूस तिथे हवंच. नाहीतर आपल्याकडच्या गोष्टींचे नियम परस्पर दुसरेच लिहितील.

आई, व्हिडिओ बघावे लागतात, पण रोज नाही. बघताना आवाज बंद, चित्र काळं-पांढरं, लागेल तिथे धूसर करता येतं. समुपदेशक आहेत, मी त्यांच्याकडे जाते. काही दृश्यं तरीही जात नाहीत. ते तुझ्यापासून लपवणार नाही.

आता समोरच्या घरातल्या मुलाचं. तो हल्ली खोलीतून निघत नाही, कुठल्याशा ग्रुपचीच भाषा बोलतो, म्हणून त्याला घरी येऊ द्यावं का, असं तू विचारलंस. येऊ दे. असे गट आधी आपलेपणा देतात, मग बंद ग्रुपमध्ये नेतात, मग घरच्यांपासून तोडतात. गट कुठल्याही धर्माचा, रंगाचा असो. जर्मनीत २००० साली एक माजी पोलीस अधिकारी आणि हिटलरचे विचार मानणाऱ्यांची चळवळ सोडलेला एक निओ-नाझी यांनी 'एक्झिट' नावाची संस्था काढली. बाहेर पडू पाहणाऱ्याला नवं आयुष्य उभं करायला ती मदत करते, कारण गट सुटला की त्याच्याजवळ कुणीच उरलेलं नसतं. तुम्ही दोघं त्याच्यासाठी उरा. बाबा, त्याच्याशी राजकारणावर वाद घालू नका. अभ्यासाचं, नोकरीचं विचारा, तो बोलला तर पूर्ण ऐकून घ्या.

मात्र कुणाचं नाव, जागा, दिवस किंवा हत्यार असं काही त्याच्या तोंडून निघालं, तर भीड धरू नका. त्याच दिवशी त्याच्या आईवडिलांना सांगा, पोलिसांनाही. आणि मला फोन करा, रात्री कितीही वाजता.

तुमची,
मुग्धा