दाढ काढायच्या आधी जुना एक्स-रे शोध

धंतोली, नागपूर

प्रिय सुन्या,

फोनवर तू घाबरलेला होतास, म्हणून सविस्तर लिहितो. रूट कॅनल झालेल्या दाढेच्या मुळाशी एक्स-रेत काळा डाग दिसला आणि नेटवर वाचलंस की शंभरातल्या चाळीस फेल जातात. आकडा खोटा नाही बे. 2021 साली जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात रूट कॅनल झालेल्या दातांपैकी 39 टक्क्यांच्या मुळाशी आजार दिसला होता. पण तो ‘फेल’चा आकडा नाही. असल्या पाहण्यांत माणसाचा एक्स-रे बहुधा एकदाच निघतो. डाग वाढतोय की भरून येतोय, एका फोटोत कळणार कसं? डाग म्हणजे हाड झिजलेली जागा; ते हाड भरायला वर्ष लागतं, कधी चारही. उलट, जो दात काढून टाकला तो मोजणीतूनच गळतो. म्हणजे आकडा दोन्हीकडून फसवतो.

आपल्याकडे तर सुपारी-तंबाखूचा खर्रा! सुपारीनं तोंड आखडतं, दोन बोटं आत जात नाहीत. अशा माणसाच्या मागच्या दाढेत मुळं साफ करायची बारीक सुई घालायची कुठून? वाचण्यासारखी दाढ निव्वळ पोचता येत नाही म्हणून काढावी लागते. तू पुण्याला जाऊन खर्रा सोडलास, बरं केलंस. सोडलास ना?

आता तुझं. दाढ भरली तेव्हाचा एक्स-रे शोध. डाग तेव्हा मोठा आणि आता लहान असेल, दुखत-सुजत नसेल, तर नुसती नजर ठेवायची. वाढला असेल तर पुन्हा रूट कॅनल, नाहीतर मुळाच्या टोकाची शस्त्रक्रिया. दाढ काढून इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेला कृत्रिम दात, त्यानंतर. हल्ली त्याची फार घाई झालीय.

आणि कॅप बसवली होतीस का? ठणका थांबला की लोक फिरकतच नाहीत. 1965 मध्ये अमेरिकेत काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या दाढांची नस उघडी पाडून पाहिली. साध्या उंदरांची नस सडली. जंतुमुक्त वाढवलेल्यांच्या जखमेवर मात्र नवं डेंटिन, म्हणजे दाताचा आतला कठीण थर, चढलं. सगळा खेळ जंतूंचा. कॅप नसली आणि वरून लाळ झिरपत राहिली तर खालचं भरणं कितीही सुबक असो, जंतू पुन्हा मुळाशी पोचतात.

दोन्ही एक्स-रे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. स्क्रीनचा फोटो नको, क्लिनिकमधून मूळ फाईल माग. तोवर दाढेला हात लावू देऊ नको.

तुझा,
बाळ्या