पावसाळ्याआधी वॉकी-टॉकीचे बॅटरी कॉन्टॅक्ट तपासून घ्या

सर्व सभासदांना सूचना : येत्या रविवारी सकाळी १० वाजता क्लबच्या खोलीत सगळे सेट तपासायचे आहेत. सेट, बॅटरी आणि अँटेना, तिन्ही आणा.

ऐकू नीट येतं, पण पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचं बटण) दाबताच सेट बंद पडतो? नवी बॅटरी घेण्याआधी कॉन्टॅक्ट, म्हणजे बॅटरी आणि सेट जिथे एकमेकांना टेकतात त्या धातूच्या पट्ट्या आणि स्प्रिंगा, बघा. ५ वॅटचा सेट बोलताना दीड अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. कॉन्टॅक्टवर अर्धा ओहम रोध असला तरी पाऊण व्होल्ट तिथेच जातो.

घरी साफ करणार असाल तर :

– आधी बॅटरी काढा.
– अल्कलाइन सेल गळून आलेला पांढरा थर त्वचेला झोंबतो. हातमोजे, चष्मा घाला. इअरबडवर व्हिनेगरचे दोनच थेंब. फसफस थांबली की ओल्या बडने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. तासभर वाळू द्या.
– लिथियम पॅकच्या सेटवर नुसती काळपट झाक असेल तर खोडरबर आणि अल्कोहोल पुरे. पॅकच्या पट्ट्यांना तारेचा ब्रश लावू नका, शॉर्ट होईल.
– सँडपेपर अजिबात नको. निकेलचा मुलामा निघाला की खालचा धातू पहिल्याच पावसात गंजतो.

स्प्रिंग खाऊन बारीक झाली असेल तर साफ करत बसू नका, तशीच आणा, बदलून देऊ.